इमाम आशूर सहा-सात महिन्यांत डेन्मार्कहून परतला, ते बरोबर होतं का?

मधली फळी
इजिप्तच्या फुटबॉलमधल्या सलाह आणि मार्मूश या पुढच्या फळीतल्या खेळाडूंवर खूप बोलून झालं, इमाम आशूरवर कुणी बोलत नाही. जन्म १९९८ चा, गझल अल महल्ला आणि हरस अल हुदूद करत २०१९ मध्ये कैरोच्या झमालेकमध्ये आला. झमालेकने लागोपाठ दोनदा लीग जिंकली तेव्हा तो मधल्या फळीत होता. जानेवारी २०२३ मध्ये डेन्मार्कच्या मिटयुलँडने त्याला घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात तो कैरोत परतला. तेही झमालेककडे नाही, तर थेट त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी अल अहलीकडे.

माझं मत स्पष्ट आहे, त्याने फार घाई केली. फेब्रुवारी २०२३ मधला युरोपा लीगचा लिस्बनचा सामना आठवा. समोर पोर्तुगालचा स्पोर्टिंग क्लब, आशूरला क्लबमध्ये येऊन जेमतेम काही आठवडे झालेले आणि शेवटच्या टप्प्यात गोल त्याचाच. भरपाई वेळेत स्पोर्टिंगच्या कोआतेसने बरोबरी केली नसती तर मिटयुलँड तिथून जिंकून आलं असतं. परतीचा सामना ०-४ हरले हे खरं, पण येताक्षणी लिस्बनमध्ये गोल मारणाऱ्याला युरोप झेपत नव्हता असं कोण म्हणेल?

कडेने धावणाऱ्या विंगरचा वेग कुठल्याही देशात चालतो. मिडफिल्डरचं तसं नसतं. बॉल पायाशी येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं, पहिल्याच टचमध्ये अंग वळवायचं, आपण पुढे गेलो तर मागची जागा कोण भरतंय याचं भान ठेवायचं, ही सवय अंगात मुरायला दोन हंगाम तरी लागतात. त्याने एकही पुरा दिला नाही.

कोल्हापूरचा गोली
तुमच्या सगळ्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की अल अहलीला जाणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं. हे मला अजिबात मान्य नाही. आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग बारा वेळा जिंकलेला क्लब आहे तो आणि बाराव्या वेळी, २०२४ मध्ये, आशूर संघात होता. मिटयुलँडमध्ये राहून त्याला कुठली मोठी ट्रॉफी मिळणार होती?

डिसेंबर २०२३ मधला जेद्दाचा क्लब वर्ल्ड कपचा सामना पाहिलात का? समोर बेन्झेमा आणि कान्टेचा अल इत्तिहाद, स्टेडियम त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. अल अहली ३-१ ने जिंकली आणि तिसरा गोल आशूरचा. पुढे ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सेकडून हरले, पण जपानच्या उरावाला ४-२ हरवून तिसरे आले. डेन्मार्कच्या लीगमध्ये असा सामना वर्षाला किती वेळा मिळतो?

ऑफसाइड ट्रॅप
एका सामन्यावरून करिअर मोजू नका. इजिप्तचे युरोपात टिकलेले खेळाडू घ्या. सलाह आणि एल्नेनी दोघेही कैरोच्या अल मोकावलून क्लबमधून स्वित्झर्लंडच्या बासेलला गेले. मार्मूश वादी देग्ला क्लबातून जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गला. अल अहली किंवा झमालेकच्या मुख्य संघातून यांतला एकही गेला नाही. कैरोतल्या या दोन क्लबांत एकदा नाव झालं की पैसा, मान, ओळख सगळं घरबसल्या मिळतं. मग मिटयुलँडच्या हर्निंग गावातल्या थंडीत बेंचवर बसायची तयारी कुठून येणार?

सलाह बासेलला गेला तेव्हा तर इजिप्तमध्ये लीगच बंद होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये सत्तरहून जास्त माणसं दंगलीत मारली गेली, त्यानंतर स्पर्धा थांबली. बासेलने मार्चमध्ये इजिप्तच्या २३ वर्षांखालील संघाशी मैत्रीपूर्ण सामना खेळून त्याला हेरलं. त्याच्यासमोर परतीचा सोपा रस्ता नव्हता. आशूरसमोर होता.

कोल्हापूरचा गोली
आणि रमदान सोभी? अल अहलीतून एकोणिसाव्या वर्षी, २०१६ मध्ये इंग्लंडच्या स्टोकला गेला, मग तिथल्याच हडर्सफील्डला. तिथे जम बसला नाही. परत आला आणि २०१९ मध्ये कैरोत २३ वर्षांखालील आफ्रिका कप जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार झाला. ज्याला जिथे खेळायला मिळतं तिथे तो मोठा होतो. ट्रेझेगे मात्र अल अहलीतूनच गेला आणि बेल्जियमचा अँडरलेख्ट, इंग्लंडचा अॅस्टन व्हिला इथपर्यंत पोहोचला, हेही तुमच्या यादीत घ्या.

शारजाची स्मिता
आमच्या ऑफिसात इजिप्तची बरीच माणसं आहेत, त्यामुळे कैरो डर्बीच्या, म्हणजे अल अहली-झमालेक सामन्याच्या, दुसऱ्या दिवशी मला वेगळ्या बातम्या वाचाव्या लागत नाहीत. समोरच्या टेबलावरचे झमालेकवाले गृहस्थ आशूरचं नावही घेत नाहीत. "तो" म्हणतात आणि चहा ढवळत बसतात. आशूरने केवढी जोखीम घेतली ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. त्याच शहरात राहून अर्ध्या शहराचा राग अंगावर घ्यायचा आणि वर दर आठवड्याला चांगलं खेळायचं. याला कुणी सोपा रस्ता म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

ऑफसाइड ट्रॅप
स्मिता, धैर्य आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण धैर्याने खेळ सुधारत नाही, रोज समोर कोण आहे यावर तो सुधारतो.

मधली फळी
माझाही मुद्दा तोच. १४ जून २०२५ बघा. मायामीत क्लब वर्ल्ड कपचा उद्घाटनाचा सामना, समोर मेस्सीचा इंटर मायामी. पहिल्या हाफमध्येच आशूर पडला, कॉलरबोन मोडलं आणि स्पर्धा तिथेच संपली. सामना ०-० सुटला. युरोपभरचे स्काउट बघत असलेली स्पर्धा आणि हा काही मिनिटं खेळून बाहेर. युरोपात असता तर दर आठवड्याला कुणीतरी पाहिलं असतं. अल अहलीत असल्यामुळे सगळा भार अशा एखाद्या स्पर्धेवर येऊन पडतो आणि तेवढ्यात दुखापत झाली की हातात काही उरत नाही.

कोल्हापूरचा गोली
दुखापत हर्निंगमध्येही झाली असती. आणि मायामीचा तो सामना अल अहलीत होता म्हणूनच त्याच्या वाट्याला आला, मिटयुलँड त्या स्पर्धेत नव्हतंच.

मधली फळी
मान्य, नव्हतं. तरी आज मिटयुलँडचा तिसरा हंगाम संपवून तो जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये खेळताना दिसला असता, या मतावर मी ठाम आहे. इजिप्त २०२६ च्या वर्ल्ड कपला पात्र ठरलंय. पुढे सलाह आणि मार्मूश आहेत, पण त्यांच्यापर्यंत बॉल पोहोचवणारा, दबावाखाली वळू शकणारा मिडफिल्डर कोण, ते सांगा.

कोल्हापूरचा गोली
आशूरच.