भुतांची पार्टी: वय ३ ते १३, हॉल एकच. खेळ सुचवा

निशिगंध_१४
सोसायटीच्या हॉलमध्ये ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत मुलांची हॅलोविन पार्टी ठरली आहे. मुलं २४: तीन ते पाच वर्षांची ५, सहा ते नऊची ११, दहा ते तेराची ८. हॉल साधारण ३० बाय २० फूट, पडदे पातळ, अंधार होत नाही. मदतीला चार मोठी माणसं. खाणं सोडून बजेट २,५०० रुपये. धाकट्यांना झेपेल ते मोठ्यांना बाळबोध वाटणार आणि मोठ्यांना आवडेल त्याने धाकटे भोकाड पसरणार, ही खरी अडचण. मेणबत्त्या नकोत. साहित्य आणि प्रमाणासकट सांगा, प्लीज.

गावठी_वेताळ
पडद्यांवर पैसे घालू नका. ऑक्टोबरअखेर पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच ते सहा उजेडाचा तास धाकट्यांना द्या. साडेसहाला त्यांना खायला बसवा, तोवर अंधार फुकटात मिळालेला असतो.

दुसरं, पहिल्या तासात दहाच्या वरच्या पोरांना खेळाडू म्हणून धरूच नका. त्यांना भुतं करा, एकेक खेळ त्यांच्या ताब्यात द्या. मात्र मुखवटा धाकट्यांसमोरच चढवायचा. सजून आत आलेल्या भुतात तीन वर्षांच्या मुलाला ओळखीचा दादा दिसत नाही. डोळ्यांदेखत दादाचं भूत झालं, की तेच मूल स्वतःसाठी मुखवटा मागतं.

या वेळेला सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे 'भुताचं पोट'. बुटांची पाच खोकी घ्या. पुढच्या बाजूला १० सेंमी व्यासाचं भोक पाडा आणि जुन्या पायमोज्याचा पंजा कापून उरलेली नळी आतून भोकाला चिकटवा, म्हणजे हात जातो पण डोकावता येत नाही. मागची बाजू उघडी ठेवा, सांडलेलं तिथूनच भरता येतं. आतली वाटी दुहेरी चिकटपट्टीने तळाला पक्की करा, नाहीतर तिसऱ्या मुलालाच ती लवंडते. आत काय घालायचं:

हडळीचे केस: मक्याच्या कणसाचे रेशमी तंतू.
आतडी: शिजवलेल्या नूडल्स. गार पाण्यात धुऊन चमचाभर तेल चोळा, नाहीतर तासाभरात गोळा होतो.
बेडकाची अंडी: दोन चमचे सब्जा कपभर पाण्यात, २० मिनिटं भिजवून.
कान: सुके जर्दाळू, पाच मिनिटं कोमट पाण्यात.
डोळे: सगळीकडे सोललेली द्राक्षं सांगतात, पण आपल्याकडे तो हंगाम नाही. चेरी टोमॅटो उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून साल काढा, तसेच बुळबुळीत लागतात.

पाचच्या आतल्यांना फक्त केस आणि नूडल्स. गोल, निसरडं काहीही त्यांच्या हाती द्यायचं नाही, ते थेट तोंडात जातं आणि घशात अडकतं. शेवटी ओला नॅपकिन ठेवा.

हळदीकुंकू
सहा ते नऊवाल्यांसाठी 'रक्ताची चिठ्ठी'. खर्च जवळपास शून्य.

दोन चमचे पाण्यात एक चमचा खायचा सोडा ढवळा, पाच मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी घेऊन कापसाच्या काडीने जाड ड्रॉइंग पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा. पूर्ण सुकू द्या. कागद कोरा दिसतो. खेळताना मुलांना अर्धा कप पाण्यात चमचाभर हळद कालवून द्या आणि ब्रशने कागदावर फिरवायला सांगा. कागद पिवळा होतो आणि अक्षरं तांबडी उमटतात. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो तो याच कारणाने.

बिघडतं कुठे? सोडा न निवळता वापरला तर सुकल्यावर पांढरी पूड दिसते आणि वाकडा धरून बघणारं पोर आधीच वाचून टाकतं. गुळगुळीत कागदावर अक्षर फुटतं. ब्रश चार वेळा घासला की सोडा पसरून सगळाच कागद तांबूस होतो, म्हणून एकाच दिशेने एकच हात. खायच्या सोड्याचा रंग विटकरीकडे झुकतो. रक्तासारखा गडद हवा तर धुण्याचा सोडा वापरा, पण मग लिहायचं मोठ्यांनी, आदल्या दिवशी. चुन्याची निवळी मुलांजवळ नकोच, डोळ्यात गेली तर भाजते.

चिठ्ठीत पुढचा ठावठिकाणा लिहा: 'जिन्याखाली', 'पाण्याच्या टाकीमागे' वगैरे. पाच चिठ्ठ्या पुरे, त्यापुढे मुलं कंटाळतात.

झोटिंग
वरच्याला अनुमोदन. शोधाचा खेळ घेताच आहात तर चिठ्ठीनंतर 'चकवा' लावा. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालून पहाटे निघाल्या जागीच येतो, तेच दोरीने करायचं. लोकरीचे तीन रंग, प्रत्येकी १५ मीटर, खुर्च्यांच्या पाठींतून वेडेवाकडे ओवा. मुलाने टॉर्च घेऊन एक रंग पकडून शेवटापर्यंत जायचं. दोन धाग्यांच्या टोकाला खाऊ, तिसरा फिरून सुरुवातीलाच. लोकर ७० ते ८० सेंमी उंचीवर हवी. गुडघ्याशी असली तर पाय अडकतो, गळ्याशी तर अजिबातच नको. लाल, जांभळा, निळा टॉर्चच्या अंधुक उजेडात पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. पांढरा, पिवळा, पोपटी घ्या. एका वेळी तिघंच आत, पळायचं नाही.

मोठ्यांसाठी 'खवीस कोण?'. राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळतो तशा आठ चिठ्ठ्या: एक खवीस, एक मांत्रिक, सहा गावकरी. सगळे गोलात, मांत्रिक मधे उभा. खवीस गुपचूप डोळा मारतो. ज्याला मारला त्याने मनात पाच आकडे मोजून मगच कोसळायचं. हे पाच आकडे महत्त्वाचे, लगेच पडला तर तो कुणाकडे बघत होता ते मांत्रिकाला कळतं. मांत्रिकाला तीन संधी. दोन डावांनंतर पोरं हुशार होतात आणि सरळ जमिनीकडे बघत बसतात, म्हणून नियमच करा: खाली बघणारा बाद. मेलेल्यांनी कण्हत राहायचं, नाहीतर ते उठून मोबाइल काढतात. लहान मुलांना एक डोळा मारता येत नाही, दोन्ही मिटतात. तसं कुणी घेतलं तर खुणेला जिभेचं टोक चालेल.

निशिगंध_१४
सगळ्यांचे आभार, वेळेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. टॉयलेट रोल गुंडाळून ममी करायचा खेळ कसा? आणि चमकणाऱ्या कांड्या (ग्लो स्टिक), ड्राय आइसचा धूर?

गावठी_वेताळ
ममी चालेल, पण कागद निम्म्यात फाटतो कारण पोरं रोल धरून उभी राहतात आणि ममीला गरागरा फिरवतात. ममीने स्थिर उभं राहायचं, रोलवाल्याने तिच्याभोवती फिरायचं. तिघांच्या टोळीला दोन रोल, चार मिनिटं. पाय बांधून टाकू नका, आडवी पडते. गळा, तोंड, नाक मोकळं. खरं तर जुन्या सुती साडीच्या चार इंची पट्ट्या फाडल्या तर कचराही होत नाही आणि दुसऱ्या डावाला परत वापरता येतात. क्रेप कागद घेऊ नका, घामाने रंग अंगाला लागतो.

हळदीकुंकू
कांड्या सहाच्या वरच्यांनाच. लहान मुलं चावतात, फुटली की आतल्या द्रवाने तोंड आणि डोळे चुरचुरतात. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुवायचं. दुपारी फ्रीजमध्ये ठेवू नका, गार कांडी मंद उजळते. मोडायची ती ऐनवेळी.

ड्राय आइस रद्द करा. उणे ७८ अंशांचं ते, उघड्या हाताला लागलं की कातडी जाते. शिवाय त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका धाकट्यांच्या नाकाच्या उंचीवर.

निशिगंध_१४
रद्द. शेवटचं: मुखवट्यांना इलॅस्टिक की दोरी?

झोटिंग
पाचच्या आतल्यांना दोन्ही नको. मुखवटा आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवून हातात द्या. भीती वाटली की मूल स्वतःच खाली करतं.