खाणीचं पाणी व्हाळात: नदीवरचा परिणाम मोजायचा कसा?

साकव: सिंधुदुर्गातली लोहखनिजाची खाण. उपसलेलं पाणी गाळ बसवायच्या तळ्यातून व्हाळात (ओढ्यात), तिथून नदीत. खाली चार किलोमीटरवर खाडी. नमुने कुठून, कधी घ्यायचे? पैसे दहाच नमुन्यांचे आहेत.

चिरेबंदी: पाणी लाल म्हणजे खाणीचंच, असं जूनमध्ये म्हणू नका. जांभ्याच्या मुलखात चिरेखाण, नवा रस्ता, सगळंच लाल वाहतं. म्हणून चार जागा धरा: खाणीच्या वरचा व्हाळ, तळ्याचा सांडवा, संगमाच्या वरची नदी आणि संगमाखाली पाणी पुरतं मिसळल्यावर. मिसळलं का, ते दोन्ही काठांना आणि मधोमध गढूळपणा मोजून कळतं. आकडे जुळेपर्यंत खाली सरका. पण भरती चढते तिथवर जाऊ नका. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, आणि नदी उगाच स्वच्छ दिसते.

प्रवाह मोजल्याशिवाय गाळाच्या नुसत्या मि.ग्रॅ./लिटरला अर्थ नाही. दहा मीटरचा सरळ पट्टा घ्या, अर्धी भरलेली बाटली सोडून वेळ मोजा. वेग × ०.८५ × रुंदी × सरासरी खोली. हा प्रवाह (घनमीटर/सेकंद) × मि.ग्रॅ./लिटर × ८६.४ म्हणजे दिवसाचे किलो.

समजा सांडवा सेकंदाला ०.१ घनमीटर, गाळ ३०० मि.ग्रॅ./लिटर: दिवसाला २,५९२ किलो. नदी ०.८ घनमीटर, गाळ २०: १,३८२ किलो. पाणी नववा हिस्सा, गाळ मात्र जवळजवळ दोन तृतीयांश. आणि संगमाखाली आकडा येतो फक्त ५१! सांडव्यातून ३०० चं पाणी येत असतं, पण खालचाच नमुना घेतला तर ते दिसतच नाही.

तळकोंड: लोह तपासायच्या नमुन्याच्या बाटलीत हमखास घोळ होतो. विरघळलेलं लोह हवं तर पाणी नदीवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप) २ च्या खाली आणा. आधी आम्ल घातलंत तर मातीच्या कणांतलं लोहही विरघळून आकडा फुगतो. न गाळता तालुक्याला नेलंत तर लोह गंजून बाटलीच्या तळाशी, आकडा पडतो. एकूण लोहासाठी वेगळी बाटली: न गाळलेली, आम्ल घातलेली. पीएच जागेवरच मोजा. मँगनीज सोडू नका. साध्या पीएचला ते लोहापेक्षा खूप सावकाश खाली बसतं, म्हणून लांबवर जातं.

साकव: मग दहा नमुने वाटायचे कसे?

चिरेबंदी: चार जागा, दोन फेऱ्या: जूनचा पहिला दणका आणि एप्रिल. एप्रिलमध्ये उपसा चालू आणि नदी आटलेली, तेव्हा पातळ करायला पाणीच नसतं. उरलेल्या दोनांत एक जुळा नमुना (त्याच जागी लागोपाठ घेतलेला दुसरा), एक निव्वळ शुद्ध पाण्याचा. तोही गाळून, आम्ल घालूनच पाठवा. शुद्ध पाण्यात लोह निघालं तर दोष बाटलीचा, फिल्टरचा किंवा आम्लाचा.

तळकोंड: आणि फुकटातली तपासणी: वर आणि खाली सारख्याच खळखळाटातले दहा-दहा दगड उलटा. वर मेफ्लायच्या (स्वच्छ वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या) अळ्या आहेत, खाली दगड निम्मे गाळात रुतलेत आणि अळ्या नाहीत, तर फोटो काढून नोंदवा.