डीजे सेट थेट रेकॉर्ड करण्यासाठी सुटसुटीत रेकॉर्डर कोणता घ्यावा? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार. लग्नसराईत विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता या भागांतील लॉनवर, तसेच जयंतीच्या कार्यक्रमांत मी डीजे म्हणून वाजवतो. पूर्ण सेट रेकॉर्ड करून घरी शांतपणे ऐकावा आणि त्यातला बरा भाग पुढच्या ग्राहकाला ऐकवावा, एवढाच हेतू आहे. सध्या मोबाइल स्पीकरसमोर ठेवून काम भागवतो. पण बास सुरू झाला की आवाज फाटतो आणि गाण्यापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या गप्पाच स्पष्ट ऐकू येतात. मिक्सर साउंडवाल्याचा, म्हणजे दर वेळी वेगळा असतो. लॅपटॉप मध्ये न आणता, बॅटरीवर चालणारे आणि खिशात मावणारे काही सुचवावे. पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

तारजोडणी

रेकॉर्डर निवडण्याआधी, आपल्याला मिक्सरमधून आवाज कोठून मिळणार आहे ते पाहावे, कारण रेकॉर्डिंग बिघडते ते बहुधा तिथेच. मिक्सरच्या मागे 'रेक आउट' (फक्त रेकॉर्डिंगसाठीची आउटपुट) असे लिहिलेली आरसीए जोडी, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल सॉकेटची जोडी असेल (पायोनियर डीजेएम-९०० एनएक्सएस२ वर ती असते), तर प्रश्न जवळजवळ सुटला. त्या जोडीवरचा आवाज मास्टरच्या, म्हणजे एकूण आवाजाच्या नॉबवर अवलंबून नसतो. त्यामुळे साउंडवाल्याने मध्येच मास्टर कमी-जास्त केला, तरी आपले रेकॉर्डिंग स्थिर राहते.

अशा जोडणीसाठी टास्कॅम डीआर-०५एक्स किंवा झूम एच१एन पुरेसा आहे. दोन्हींना ३.५ मिमीची स्टिरिओ इनपुट आहे, म्हणून दोन आरसीएपासून एका स्टिरिओ पिनपर्यंतची साधी केबल चालते. मी डीआर-०५एक्स घेण्यास सांगेन, कारण त्यात एए सेल लागतात आणि ते रात्री कोणत्याही पानटपरीवरही मिळू शकतात. एच१एनला एएए लागतात. एच१एनच घेतलात, तर पुढच्या बाजूची ऑटो लेव्हल, लो कट आणि लिमिटर ही तिन्ही बटणे बंद असल्याची खात्री करावी. ऑटो लेव्हल चालू राहिली, तर शांत इंट्रो फुगतो आणि ड्रॉप, म्हणजे गाण्यातला जोरकस बास, आला की आवाज दबतो, म्हणजे आपण मेहनतीने केलेला चढ-उतारच सपाट होतो.

लेव्हल अशी लावावी की सर्वांत जोरकस गाण्यालाही मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. रात्र चढते तसा डीजेचा हातही चढतो, त्यासाठी ही जागा राखून ठेवायची.

हलगी_आणि_बास

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण एक भर घालतो. आपल्याकडच्या कार्यक्रमांत निवेदकाचा माइक आणि हलगीचे माइक बहुधा साउंडवाल्याच्या मोठ्या मिक्सरला लागलेले असतात, डीजे मिक्सरला नव्हे. त्यामुळे 'रेक आउट'वरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त आपली गाणी येतील. निवेदन आणि हलगीही हवी असेल, तर मोठ्या मिक्सरवरून वेगळी आउटपुट मागावी लागेल. ती पुष्कळदा मोनो मिळते.

जुळेसोलापूरकर

मला गाण्यांचेच हवे आहे, हलगी नसली तरी चालेल. पण लहान कंट्रोलरवर 'रेक आउट' नसेल आणि साउंडवाल्याने मास्टरच्या दोन्ही एक्सएलआर (तीन पिनांच्या) तारा आपल्या ॲम्प्लिफायरला लावल्या असतील, तर काय करावे? तसेच ३२-बिट फ्लोट (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज सामावणारी रेकॉर्डिंगची पद्धत) असलेला झूम एच१ एसेन्शियल घेतला, तर लेव्हलची कटकट संपते, असे दुकानदार म्हणाला. ते खरे आहे का?

तारजोडणी

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. ३२-बिट फ्लोटमुळे रेकॉर्डरवर लेव्हल ठरवण्याची गरज जवळजवळ उरत नाही. परंतु मिक्सरवरच लाल दिवे पेटत असतील, तर आवाज रेकॉर्डरपर्यंत पोहोचण्याआधीच फाटलेला असतो आणि तो कोणत्याही बिटने सांधता येत नाही.

एक्सएलआर वापरात असेल, तर मास्टरची आरसीए जोडी बहुतेक मिक्सरवर मोकळी सापडते. तीही नसेल, तर बूथ आउट, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरसाठीची आउटपुट घ्यावी. मात्र या दोन्हींची पातळी त्यांच्या नॉबवर चालते, म्हणून सुरुवातीलाच लावून पुढे हात लावू नये आणि साउंडवाल्यालाही तसे सांगून ठेवावे.

एका केबलपासून मात्र दूर राहावे. एका एक्सएलआरपासून ३.५ मिमी स्टिरिओ पिनपर्यंतची तयार केबल बाजारात सहज मिळते. ती बॅलन्स्ड आउटपुटला (जिच्यात एकच आवाज एका तारेत सरळ आणि दुसरीत उलटा जातो) लावली की डाव्या बाजूला सरळ आणि उजव्या बाजूला नेमका उलटा आवाज जातो. हेडफोनवर तो थोडा विचित्र, पण चालण्यासारखा वाटतो. मोबाइलच्या एका स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की गाणे जवळजवळ नाहीसेच होते. एक्सएलआरवरूनच घ्यायचे असेल, तर टास्कॅम डीआर-४०एक्स पाहावा. त्यात दोन्ही बाजूंसाठी स्वतंत्र एक्सएलआर इनपुट आहेत आणि त्याच वेळी कमी लेव्हलवर दुसरी प्रत साठवण्याची सोयही आहे. मात्र तो महाग आहे आणि खिशात मावणार नाही.

हलगी_आणि_बास

रेकॉर्डर सेलवरच चालवावा. जनरेटरच्या बोर्डातून चार्जर लावला की अर्थिंगच्या फेऱ्यामुळे ५० हर्ट्झची घुंघुं अनेकदा आत शिरते. एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डर ॲम्प्लिफायरच्या रॅकवर ठेवू नये. सोलापूरचा उन्हाळा कमी म्हणून वर रॅकची धग कशाला?

जुळेसोलापूरकर

मग डीआर-०५एक्स आणि आरसीएची केबल घेतो. कार्ड किती मोठे लागेल?

तारजोडणी

४४.१ किलोहर्ट्झ, १६-बिट वेव्ह फाइलला तासाला साधारण ६३५ एमबी लागतात, २४-बिटला सुमारे ९५० एमबी. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद होतो असे धरले, तरी साडेसहापासूनचा पूर्ण सेट २४-बिटमध्ये साडेतीन जीबीच्या आत बसतो. ३२ जीबीचे चांगले कार्ड पुष्कळ झाले. लांब रेकॉर्डिंगच्या फाइलचे दोन तुकडे झाले, तर घाबरू नये, ते संगणकावर जोडता येतात. रेकॉर्डिंग सुरू होताच होल्ड (बटणांचे कुलूप) लावावा आणि शेवटी आधी स्टॉप दाबून, फाइल साठवली गेल्यावरच रेकॉर्डर बंद करावा. सेल मध्येच संपले, तर फाइल अर्धवट राहून न उघडण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घालावेत.