दोष संथपणाचा नाही

स्टॅन्ली कुब्रिकचा 'आइज वाइड शट' हा चित्रपट संथ आहे म्हणून फसतो, हे मत मला पटत नाही. कुब्रिकचा 'बॅरी लिंडन'ही संथच, तरी शेवटपर्यंत धरून ठेवतो. आम्ही दोघांनी हा १९९९चा चित्रपट रविवारी घरी पुन्हा पाहिला आणि संध्याकाळी रंकाळ्यावर त्यावरच बोलत बसलो.

नायिका ॲलिस नौदलातल्या एका अधिकाऱ्याबद्दल वाटलेली ओढ नवऱ्याला सांगते, तो प्रसंग जबरदस्त आहे. निकोल किडमन नुसत्या आवाजावर तो पेलते. नवऱ्याला वाटत असतं, बायकांना असलं काही वाटतच नाही! पण पुढं कॅमेरा तिला घरी ठेवून नवऱ्याच्या, बिलच्या मागं रात्रभर फिरतो. एका हवेलीतला गुप्त समारंभ, मुखवटे, परवलीचा शब्द. यात थाट आहे, इच्छा कुठाय?

ऑस्ट्रियन लेखक आर्थर श्निट्झलरच्या १९२६च्या मूळ कादंबरिकेत बायकोचं स्वप्न किती लांब आणि क्रूर आहे. त्यात नवऱ्याला क्रूसावर चढवायची तयारी चालते आणि ती हसते. चित्रपटात हसू उरलं, क्रूस गेला. माझ्या मते खरी भीती तिथंच होती. ह्यांना मात्र हवेलीचा प्रसंगच सगळ्यात आवडला, आणि घरी येईपर्यंत आमचं त्यावर एकमत झालं नाही.