कॉनन : खिळे सिनेमाने उचलले, राणी कुठे गेली?

वेताळटेकडी :
नमस्कार मंडळी. १९८२ चा 'कॉनन द बार्बेरियन' शाळेत असताना भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता. कॉननला झाडाला ठोकतात आणि तो चोच मारायला आलेल्या गिधाडाच्याच मानेचा चावा घेतो, ते अजून डोक्यात आहे. परवा कॉननचा मूळ लेखक रॉबर्ट हॉवर्ड याची 'अ विच शॅल बी बॉर्न' ही कथा वाचली, तर तो प्रसंग तिथे, फक्त झाडाऐवजी क्रूस! बाकी सगळं मात्र वेगळं. खौरानची राणी तारामिस, तिची जुळी बहीण सालोमी, तळघरात खरी राणी, गादीवर तोतयी. मग सिनेमा या कथेवरचा म्हणायचा का? या कथेवरचं मार्व्हलचं कॉमिक वाचावं का? आणि कथेत नायक निम्मा वेळ गायब, हे मलाच खटकलं का?

दुपारचा चहा :
सिनेमा या कथेवरचा नाही. दिग्दर्शक जॉन मिलियसने इथून तिथून वेचलंय. खलनायक थुल्सा डूम तर हॉवर्डच्याच 'कल' नावाच्या राजाच्या कथेतला. चावलेलं गिधाड खरं होतं, पण मेलेलं!

पितळी खलबत्ता :
मी हौशी नाटकं बसवतो, त्यामुळे नायक गायब असण्याचं मला कौतुकच वाटतं. सालोमी राणी बनून पहारेकऱ्यांना शस्त्रं टाकायला सांगते, आणि ही तारामिस नव्हेच असं त्यांचा कप्तान कॉनन ओरडतो. केवढा प्रसंग! पण तो आपल्याला दिसत नाही; व्हॅलेरियस नावाचा राणीचा जखमी सैनिक आपल्या प्रेयसीला सांगतो. पुढचे कित्येक महिने राज्याची जी दैना होते, ती एका परदेशी पंडिताच्या पत्रातून कळते. विंगेत घडलेलं पात्राच्या तोंडून आणायचं, आणि रंगमंच राखून ठेवायचा तो त्या क्रुसासाठी. १९३४ च्या डिसेंबरात 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकात हे छापून आलंय, बरं का.

सिनेमाने खिळे घेतले, पण सुटका बदलली, आणि माझं भांडण तिथे आहे. पडद्यावर मित्र धावून येतो, मांत्रिक अंगावर अक्षरं रंगवतो, प्रेयसी भुतांशी लढते. कथेत येतो तो ओल्गर्ड, वाळवंटातल्या लुटारूंचा म्होरक्या. तो खिळे काढत नाही, आधी क्रूसच बुंध्यातून तोडायला लावतो. पालथा पडला तर चिरडून मरेल, उताणा पडला तर बघू! हातांचे खिळे दुसऱ्याने उपटल्यावर कॉनन पकड हिसकावून पायांचे स्वतः काढतो. वर छावणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. असा वाचलेला माणूस पुढे त्याच ओल्गर्डची टोळी बळकावतो, तेव्हा तो उपकार विसरला असं वाटत नाही. उपकार झालेच कुठे होते?

कॉमिक जरूर वाचा. 'सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कॉनन', अंक ५, १९७५. लेखन रॉय थॉमस, चित्रं जॉन बुसेमा. मासिकाच्या आकाराचं, कृष्णधवल, त्यामुळे कॉमिक्स कोडची, म्हणजे अमेरिकी कॉमिक्सवरच्या सेन्सॉर नियमांची, कात्री नाही. बहिणींचं कारस्थान तिथे शाबूत आहे. शाईतल्या वाळवंटात ऊन जास्त लागतं, हे माझं मत.

वेताळटेकडी :
नाटकाचं पटलं. पण अख्खं शहर तोतयीला राणी मानून बसतं, हे जरा सोयीचं नाही का?

पितळी खलबत्ता :
अहो, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा लोक त्याच्यामागे गेलेच की. इथे तर जुळी बहीण, छातीवरची चंद्रकोरीची खूण तेवढी वेगळी. आणि शहराच्या मानण्याला सालोमीचा साथीदार कॉन्स्टँशियस याच्या भाडोत्री फौजेचाही हातभार आहे.

दुपारचा चहा :
राणी कुठे गेली विचारताय, तर १९८४ च्या 'कॉनन द डिस्ट्रॉयर'मध्ये बघा. तिथे तारामिस नावाची राणी आहे, आणि तीच कपटी! मूळ कथेच्या श्रेयात पुन्हा रॉय थॉमस, जोडीला जेरी कॉनवे.

पितळी खलबत्ता :
म्हणजे ५० वर्षांनी का होईना, सालोमीने नाव बळकावलंच!