ऑर्केस्ट्रा 'व्हायेबल' नाही म्हणजे नेमकं काय नाही?

मिनियापोलिसकर: 'मिनेसोटा ऑर्केस्ट्राचं तिकिटांवर भागत नाही, म्हणजे तो व्हायेबल नाहीच' अशी आमच्या मिनियापोलिसच्या (अमेरिका) वाद्यवृंदाबद्दलची पोस्ट वाचली, राहवलं नाही. व्हायेबल म्हणजे जगू शकेल असा. स्वतःच्या कमाईवरच जगायचं, हे त्यात कुठून आलं? त्याला सेल्फ-सपोर्टिंग म्हणा. अमेरिकेत मोठ्या ऑर्केस्ट्रांचा निम्मा खर्चही सहसा तिकिटांतून निघत नाही. देणग्या आणि गंगाजळी धरूनच हिशेब होतो.

ताळेबंद: पोस्ट माझीच. देणगीदार उठून गेले, तर काय? बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच मांडलंय: वादक तितकेच लागतात, वेळ तितकाच लागतो, पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. खड्डा दरवर्षी मोठा होणार.

बालरोगवाली: नवजात विभागात माझी वीस वर्षं गेली. गरोदरपणाच्या २८ आठवड्यांतच जन्मलेलं बाळ आम्ही व्हायेबलच धरतो, काचेच्या पेटीत असलं तरी. आधार लागतो म्हणून ते जगणारं नाही?

ताळेबंद: बाळ पेटीतून बाहेर येतं. हा ऑर्केस्ट्रा १९०३ पासून आतच आहे.

बालरोगवाली: हं. एवढं मान्य.

शब्दवेडा: 'व्हायेबल'चं सोडा, खरं दुखणं 'सस्टेनेबल', म्हणजे टिकून राहू शकेल असा. त्याचं मराठीत 'शाश्वत' केलं! गीतेत आत्मा शाश्वत आहे, इथे ऊसशेतीही शाश्वत. एका कार्यालयासाठी भाषांतर करताना मी 'टिकाऊ' लिहिलं, साहेबांनी खोडलं. अजून राग येतो.

कोल्हापुरी: बरोबर खोडलं. टिकाऊ चप्पल असते. 'तग धरणारा' म्हणा.

शब्दवेडा: तग दुष्काळात धरतात! त्यात कसंबसं निभावणं आलं.

कोल्हापुरी: मग ऑर्केस्ट्राचं दुसरं काय चाललंय? आमच्या विहिरीनं दोन उन्हाळे तग धरला, तिला कुणी कमी लेखलं नाही.

शब्दवेडा: विहीर पगार मागत नाही. शब्द नीट वापरा.

मिनियापोलिसकर: 'शाश्वत'चा वेगळा धागा काढा हो! ऑक्टोबर २०१२ ते जानेवारी २०१४ व्यवस्थापनानं टाळेबंदी करून वादकांना कामाबाहेर ठेवलं होतं. पगार परवडत नाहीत म्हणे, आणि त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर ५ कोटी डॉलर. वादकांनी स्वतः भरवलेल्या मैफलींना मी गेलोय, थंडीत रांगेत उभा राहून. परवडत नाही, हे ठरवतो कोण, ते सांगा.

ताळेबंद: शेवटी १५ टक्के कपात वादकांनीच स्वीकारली ना? म्हणजे आधीचा आकडा झेपत नव्हता. बरं, 'व्हायेबल नाही' मागे घेतो. 'देणगीवर जगणारा' लिहितो. ते तरी चालेल?

मिनियापोलिसकर: चालेल. पोस्टमध्ये दुरुस्त करा तेवढं.