हापूसच्या मागणीनोंदीसाठी पीएचपी, पायथन की नोड?

प्रश्न (देवगड): हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदवणाऱ्या संकेतस्थळासाठी सर्व्हरवर (संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावर) पीएचपी किंवा पायथन ही प्रोग्रामिंग भाषा वापरावी, की नोड, म्हणजे तेथे जावास्क्रिप्ट भाषा चालवणारी प्रणाली? काही गिऱ्हाइके पेट्यांचा आकडा देवनागरीत लिहितात.

उत्तर (रत्नागिरी): मग पायथनचा विचार करावा, कारण मजकूर पूर्णांकात बदलताना ते देवनागरी '५' चे मूल्यही पाचच धरते, तर जावास्क्रिप्ट 'संख्या नाही' असे कळवते आणि पीएचपी सक्तीच्या रूपांतरात (मजकूर पूर्णांक धरायला लावल्यावर) निमूटपणे शून्य देते, नोंद होते, पेटी मात्र जात नाही.

उत्तर (मालवण): पायथनबद्दल सहमत आहे, पण स्वस्त सामायिक होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक संकेतस्थळांत वाटून घेतात तेथे) पीएचपीच विनासायास चालते, म्हणून तेथे देवनागरी आकडे आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यावेत. पीएचपीची आवृत्ती किमान आठवी असावी, कारण २०२० साली ती येईपर्यंत शून्य आणि 'हापूस' यांची दुहेरी बरोबरच्या चिन्हाने (==) केलेली तुलना खरी ठरत असे.